चौदाशे वीस

रात्रीचे पावणेतीन. चांदिवलीत तिसऱ्या मजल्यावर बसून
मी ऐरोलीच्या एका यंत्रातल्या
कंटेनरमध्ये बोगदा खणते आहे.

कंटेनर. आमच्या घरात हा शब्द आधी बाबांचा.
इंदिरा डॉकला टॅली क्लार्क, चौतीस वर्षं.
त्यांचे लोखंडी, वीस फुटी, नाहीतर चाळीस,
दाराला सील, सीलवर नंबर, नंबर वहीत.
सील तुटलेलं दिसलं तर हात लावायचा नाही,
आधी साक्षीदार उभा करायचा, मग बघायचं.
माझा वाजत नाही, गंजत नाही,
एका ओळीत मरतो
आणि परत उठतो तेव्हा त्याला कालचं काही आठवत नसतं.

तिकडे ससून डॉकला जयमाला नाखवांचं शीतगृह,
आत दोन टन कोळंबी, एक थर्मामीटर,
छतावर सिमकार्डाचा राउटर.
त्याला बाहेरून कुणी हाक मारू शकत नाही,
तोच आधी बोलेल, आपण दार उघडून बसायचं.
जयमालाताई वसईला, लेकीच्या बाळंतपणाला,
दर दहा मिनिटांनी: "आकडा दिसतंय का गो?"

नाही दिसत. कंटेनर म्हणतो,
टन नावाचं साधन इथे अस्तित्वात नाही.
दोन टन कोळंबी, आणि टन अस्तित्वात नाही.
एकटीच हसले.

बरोबर आहे त्याचं. ते साधन बाहेर, यजमानाच्या घरात.
आतल्याला नाव घेऊन हातात द्यावं लागतं.
सगळ्या किल्ल्या एकदम देणारा एक शब्दही आहे;
ऑफिसातला रेमंड तोच टाकतो आणि घरी जातो.
मीही टाइप केला.
मग खोडला. पाठीमागे कुणी वही घेऊन उभं होतं बहुतेक.
एक साधन दिलं, जाळं हलवायची एक परवानगी. बस.

मग अर्धा तास वाया: पत्ता म्हणून 'लोकलहोस्ट' लिहिलेलं,
आणि आतल्याला लोकलहोस्ट म्हणजे
फक्त तो स्वतः.

तीन पंचवीसला बोगदा लागला.
पिंग गेला, आला, साठ मिलिसेकंद.
तक्ता मात्र उघडेना.
"आहेस का?" जातं. "आहे" येतं.
"काय चाललंय, नीट सांग" म्हटलं की गप्प.

हा आजार ओळखीचा.
बोगदा प्रत्येक पुडक्याला आपलं वेष्टन चढवतो,
वेष्टनालाही जागा लागते,
पंधराशेचं पुडकं मग वाटेत अडतं
आणि अडलं, हे कुणी कळवत नाही.

बाबा आता कुडाळला. फोन रोज साडेआठला.
"जेवलंस?" "जेवले."
"बरी आसस?" "बरी."
मार्चमध्ये घटस्फोटाचे कागद झाले, सह्या झाल्या,
मिलिंद त्याची पुस्तकं आणि मिक्सर घेऊन गेला.
हे एवढं मोठं, या लाइनवरून गेलंच नाही.
दोन्हीकडे रेंज पूर्ण होती.

चौदाशे वीस केलं.
तक्ता धाडकन उघडला: उणे सतरा पूर्णांक नऊ.
जयमालाताईंना आकडा पाठवला.
उत्तर आलं: "मुलगी झाली."
मी दोनदा वाचलं. मग तिकडेही आकडा कळवला असेल कुणीतरी,
दोन किलो कितीतरी.

एक ओळ राहिली होती, डॉकच्या टोकाला:
दर पंचवीस सेकंदांनी एक रिकामं पुडकं धाडायचं.
आत काही नाही. कुणी वाचत नाही.
मधल्या राउटरने वाट विसरू नये,
एवढ्याचसाठी.

ती लिहिली आणि हात थांबला.
साडेआठ, साडेआठ, साडेआठ.
आणि मी समजत होते, त्यांना दुसरं काही सुचत नाही.

उजाडायला अजून वेळ आहे. बाबा पाचला उठतात,
विहिरीवर जातात, फोन चुलीजवळच्या फळीवर.
लहान तुकडे करायचे ठरवलंय.
पहिला: बाबा, घरात आता मी एकटीच असते.
दुसरा उद्या.